चित्रशाळेच्या भिंती

पुस्तक लिहिलें आणि कोणी छापलें नाहीं, तर हस्तलिखित निदान पेटींत राहतें. चार मित्रांना जमवून तें वाचून दाखवितां येतें. नाटक बसविलें आणि थिएटर मिळालें नाहीं, तर एखाद्या शाळेच्या पटांगणांत मांडव घालून प्रयोग उरकतां येतो. चित्राची गोष्ट निराळी आहे. त्याला भिंत लागते, भिंतीवर उजेड लागतो, आणि परक्या माणसाला कोणाची परवानगी न काढतां आंत येतां येईल असें दार लागतें. आपल्या देशांत पूर्वीं अशा भिंती मुख्यतः दोनच ठिकाणीं असत, देवस्थानांत आणि राजवाड्यांत. देवस्थानांत चित्रकाराचें नांव कोणी विचारीत नसे; राजवाड्यांत धन्याच्या आवडीबाहेर त्याला पाऊल टाकतां येत नसे. कोणाही अनोळखी चित्रकारानें थोडेंसें भाडें भरावें, आठवडाभर आपलीं चित्रें टांगावीं, आणि रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या कारकुनानें जेवणाच्या सुटींत आंत शिरून तीं पाहावीं, वाटल्यास नाकही मुरडावें, ही सोय फार अलीकडची आहे. ती कशी मिळाली, आणि मिळाल्यावर ती हातची जाऊं नये म्हणून चित्रकारांना काय करावें लागलें, याची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवण्याचा आज विचार आहे.

मुंबईंत बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ सालीं झाली. दरसालचीं प्रदर्शनें, पदकें, बक्षिसें हा क्रम चालू झाला, परंतु चित्रकारांना बारा महिने वापरतां येईल असें प्रशस्त दालन शहरांत कोठेंच नव्हतें. पुढें रँपार्ट रो येथें सोसायटीनें एक लहानशी जागा केली, आणि सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या सहा जणांच्या प्रोग्रेसिव्ह गटाचें १९४९ सालचें प्रदर्शन त्याच जागेंत भरलें. आज ज्यांच्या एकेका चित्राला कोटींची बोली लागते, त्यांना त्या काळीं भिंत मिळाली ती इतकी तोकडी. १९५२ च्या जानेवारींत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आवारांत जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ती बांधून दिली, आणि उद्घाटन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनीं केलें. देणगी एका धनिकाची, पण दालन सर्वांचें, असा तो व्यवहार होता. तेथें नोंदणी करून आपल्या पाळीची वाट पाहण्यांत चित्रकारांचीं वर्षेंच्या वर्षें जातात. तरीही पाळी येते, ही मोठी गोष्ट.

मात्र भाड्याच्या आठवड्याला एक मर्यादा आहे. वीस-पंचवीस चित्रें तेथें लागतात. ज्या माणसानें चाळीस वर्षें चित्रें काढलीं, त्याचा आरंभ कोठें झाला, तो कोठें चुकला, कोठें वळला, हें समग्र पाहावयाचें असेल तर अनेक खोल्या पाहिजेत, महिना-दोन महिने पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे चित्रें विकलीं गेलींच पाहिजेत ही काळजी नसावी लागते. असें सिंहावलोकन खासगी दुकानदाराला परवडत नाहीं. तें सरकारनेंच करावयाचें काम आहे. दिल्लीस जयपूर हाऊसमध्यें राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय १९५४ सालीं सुरू झालें. मुंबईला मात्र, आधुनिक चित्रकलेचा एवढा मोठा भाग जेथें घडला त्या शहराला, त्याची शाखा मिळावयास आणखी बेचाळीस वर्षें लागलीं.

ती शाखा ज्या इमारतींत आली तिची कथा ऐकण्यासारखी आहे. जहांगीर गॅलरीपासून हांकेच्या अंतरावर त्याच घराण्याचें नांव धारण करणारें एक जुनें सभागृह आहे. सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल हें त्याचें मूळ नांव. १९११ च्या सुमारास मिळालेल्या देणगींतून तें उभें राहिलें. त्याचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा, म्हणजे ज्यांनीं गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम यांचे आराखडे केले त्याच वास्तुविशारदांचा. शेजारच्या विज्ञानसंस्थेचें तें भावंड. डोक्यावर घुमट, पोटांत भव्य दालन. येथें राजकीय सभा गाजल्या आणि संगीताचे जलसे झाले. स्वातंत्र्यानंतर शहरांत थंड हवेचीं नवीं नाट्यगृहें निघालीं, तेव्हां श्रोते तिकडे वळले आणि ह्या हॉलचे दिवस फिरले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघांच्या सभा, लग्नाचे स्वागतसमारंभ, चामड्याच्या मालाचीं विक्री-प्रदर्शनें, जो भाडें देईल त्याचा हॉल, अशी त्याची अवस्था झाली. मुष्टियुद्धाविषयीं माझी कांहीं तक्रार नाहीं. कामगारांच्या सभेला तर छप्पर मिळालेंच पाहिजे. पण घुमटाखालची ती जागा हळूहळू जीर्ण होत चालली होती, आणि तिचें पुढें काय करावयाचें याचा विचार करणारें कोणी दिसत नव्हतें.

तो विचार चित्रकारांनीं केला. शिल्पकार पिलू पोचखानवाला यांनीं ह्या सभागृहाचें आधुनिक कलेच्या संग्रहालयांत रूपांतर व्हावें यासाठीं पुढाकार घेतला. जहांगीर गॅलरीच्या माडीवर १९६३ पासून केमोल्ड गॅलरी चालविणारे केकू गांधी यांच्यासारखे कलाप्रेमी त्यांना येऊन मिळाले. पिलूबाई भंगाराच्या लोखंडांतून शिल्पें घडविणाऱ्या. मोडक्या वस्तूंत उभें राहण्याचें सामर्थ्य कोठें शिल्लक आहे हें ओळखणें हाच त्यांचा व्यवसाय होता. अर्ज, शिष्टमंडळें, दिल्लीच्या खेपा यांत वर्षें गेलीं. हॉल सरकारचा, वापर विज्ञानसंस्थेचा, पैसा केंद्राचा, अशा तिपेडी व्यवहारांत कागद किती सावकाश हलतात हें कोणाही गृहस्थाला सांगावयास नको. १९८६ सालीं पिलूबाई वारल्या. काम पुढें चालूं राहिलें. वास्तुविशारद रोमी खोसला यांनीं त्या एकाच प्रचंड पोकळींत अर्धवर्तुळाकार सज्जे व जिने अशा खुबीनें बसविले कीं, पाहणारा एका चित्रापुढें उभा असतांना वरच्या मजल्यावरचें दुसरें चित्र त्याच्या डोळ्यांच्या कडेला दिसत राहतें. सुमारें बारा वर्षें आणि सुमारें साडेतीन कोटि रुपये खर्ची पडले. २३ डिसेंबर १९९६ रोजीं संग्रहालयाचीं दारें उघडलीं. पिलूबाईंच्या मृत्यूला तेव्हां दहा वर्षें होऊन गेलीं होतीं.

इमारत सरकारनें दिली व चालविली; पण तींत काय लागावें याचा सल्ला देण्यासाठीं शहरांतील चित्रकार व जाणकार यांची एक समिति असे. आमच्या सरकारी समित्यांविषयीं सुशिक्षित घरांत काय बोललें जातें हें मला ठाऊक आहे, आणि तें बहुतेक खरें असतें. तरीही ह्या व्यवस्थेंत एक मर्म होतें. मुंबईंत कोणाचें काम पाहावयाचें राहून गेलें आहे, कोणता म्हातारा चित्रकार वरळीच्या वा ठाण्याच्या खोलींत चाळीस वर्षांचा संसार भिंतीला टेकून बसला आहे, हें मुंबईंत हिंडणाऱ्या माणसालाच कळतें. दिल्लीच्या टेबलावरून तें दिसत नाहीं. दिल्लींतले लोक अरसिक आहेत असें माझें म्हणणें नाहीं. अंतर लांब आहे, एवढेंच.

आतां थोडें दक्षिणेकडे जाऊं या. मुंबईंत पुढें जो वाद झाला त्याची एक बाजू बंगळुरांत आधींच उघडी झाली होती. तेथील कस्तुरबा मार्गावर सरकारी पदार्थसंग्रहालय आहे. १८६५ साली तें स्थापन झालें, म्हणजे आपल्या देशांतील जुन्या संग्रहालयांपैकीं तें एक. आतकूरचा सुप्रसिद्ध शिलालेख तेथें आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, इसवी सन ९४९ च्या सुमाराचा हा वीरगळ. रानडुकराशीं झुंजतां झुंजतां मेलेल्या काळी नांवाच्या कुत्र्याची आठवण त्यावर कोरलेली आहे. हजार वर्षांपूर्वींच्या कुत्र्याला जें स्थान मिळालें, तें जिवंत चित्रकारालाही मिळावें अशी अपेक्षा गैर नव्हे. आणि संग्रहालयाच्या आवारांतच वेंकटप्पा आर्ट गॅलरी उभी राहिली तेव्हां ती पुरी झाली.

वेंकटप्पा म्हणजे म्हैसूरच्या दरबारी चित्रकारांच्या घराण्यांतले पुरुष. जन्म १८८६ चा. नालवडी कृष्णराज वडियार यांनीं त्यांना कलकत्त्यास धाडलें, आणि तेथें अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखालीं नंदलाल बसूंच्या बरोबरीनें ते शिकले. भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांच्या १९१३ सालच्या पुराणकथांच्या ग्रंथांत त्यांनीं काढलेलीं रामायणाचीं चित्रें आहेत. म्हैसूरला परतल्यावर त्यांनीं शेषण्णांकडे वीणा शिकावयास घेतली, आणि वीणा कीं कुंचला ह्या ओढाताणींत कित्येक वर्षें काढलीं. उटी व कोडाईकनाल येथील धुकें, पाऊस आणि तळीं यांचीं त्यांनीं केलेलीं जलरंगचित्रें पाहिलीं म्हणजे कुंचल्यानें अखेर आपला हक्क सोडला नाहीं हें कळतें. मनुष्य मोठा करारी. महाराजांच्या मागें राजवाड्याशीं त्यांचें बिनसलें, आणि आश्रित कलावंतानें धन्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी असा त्या काळीं अपूर्व प्रकार घडला. १९६५ सालीं ते वारले. दरबारानें वाढविलेल्या आणि दरबाराशीं भांडलेल्या ह्या चित्रकाराच्या नांवानें जी गॅलरी झाली, ती सर्वांसाठीं खुली असावी हें फार शोभून दिसतें. आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि पुढें मुंबईंतच राहिलेले के. के. हेब्बर यांचींही चित्रें तेथें आहेत. बाकीचीं दालनें नव्या चित्रकारांना अगदीं अल्प भाड्यानें मिळत. कर्नाटकाच्या आडगांवांतून आलेल्या कितीतरी मुलांचें पहिलें प्रदर्शन तेथेंच झालें.

जुलै २०१५ मध्यें राज्याच्या पर्यटन खात्यानें एक करार केला. पर्यटनस्थळें दत्तक द्यावयाच्या योजनेखालीं ही गॅलरी तस्वीर फाउंडेशन ह्या खासगी प्रतिष्ठानाकडे सोंपवावयाची असें त्यांत ठरलें. पुढील वर्षाच्या आरंभीं ही बातमी चित्रकारांत पसरली, तेव्हां ते चकित झाले. कारण त्यांच्यापैकीं कोणालाही विचारण्यांत आलें नव्हतें.

दत्तक ह्या शब्दाशीं आम्हां मराठी लोकांचा जुना परिचय आहे. १८४८ सालीं सातारच्या गादीचा दत्तक डलहौसीनें नामंजूर केला आणि राज्य खालसा झालें, हें आपण शाळेंत शिकलों. येथें प्रकार उलटा होता. येथें सरकारच दत्तक द्यावयास निघालें होतें. पण दत्तविधानाला घेणारा जसा लागतो तसा देणाराही लागतो, आणि देण्याचा अधिकार आईबापांचाच असतो. जुन्या हिंदु धर्मशास्त्रांत पोरक्या मुलाला दत्तक घेतां येत नसे तें ह्याच कारणानें: त्याला देणार कोण? सरकार हें सार्वजनिक वस्तूचें विश्वस्त आहे, जनक नव्हे. वेंकटप्पांच्या चित्रांचा खरा वारसदार बंगळुरांतला तोच मुलगा होता, जो उद्यां अल्प भाडें भरून आपलीं पहिलीं चित्रें तेथें टांगणार होता.

दुसऱ्या बाजूचेंही म्हणणें सांगितलें पाहिजे. प्रतिष्ठानाच्या मागें असलेला संग्रह नामांकित होता. गॅलरीची देखभाल नीट होत नव्हती, हें विरोध करणारे चित्रकारही नाकारीत नव्हते. सरकारला जें जमलें नाहीं तें कोणी स्वतःच्या पैशानें करतो म्हणत असतांना त्याला अडवावें कां? हा प्रश्न खोटा नव्हे. धनिकांचा हात बंगळुरानें पूर्वींही धरला होता. चित्रकला परिषदेला केजरीवाल घराण्यानें आपला संग्रह दिला, तो सर्वांनीं आदरानें घेतला. भेद एवढाच कीं तेथें धनिकानें आपली वस्तु लोकांना दिली, आणि येथें लोकांची वस्तु धनिकाकडे जावयाची होती. एकदां दालन सुंदर झालें, दिवे बदलले, फरशी चकाकली, कीं भाडें वाढणार. भाडें वाढलें नाहीं तरी कोणाचें काम लावण्याजोगें आहे हें ठरविणारा कोणी तरी दारांत बसणार. गळकें छप्पर दुरुस्त करतां येतें. दारांत बसलेल्याला उठविणें कठीण जातें.

चित्रकारांनीं व्ही. ए. जी. फोरम ह्या नांवानें एक मंडळ केलें. पुष्पमाला एन. यांच्यासारख्या देशभर नांव झालेल्या कलावंतांपासून कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळे त्यांत आले. ज्यांना आतां त्या गॅलरीची स्वतःसाठीं गरज राहिलेली नव्हती, ते विद्यार्थ्यांच्या जागेसाठीं उभे राहिले, हें मला त्या चळवळींतलें सर्वांत मोलाचें वाटतें. २०१६ सालीं गॅलरीच्या आवारांत निदर्शनें झालीं. निवेदनांबरोबर गाणीं, चित्रें, प्रयोग यांनींही आवार भरून गेलें. ज्या जागेविषयीं वाद, तीच जागा वापरून दाखविणें ह्याहून समर्पक युक्तिवाद कोणता असणार? करार अमलांत आला नाहीं. प्रतिष्ठानाच्या चालकांनीं आपल्या संग्रहासाठीं त्याच कस्तुरबा मार्गावर स्वतंत्र इमारत बांधली, आणि ती फेब्रुवारी २०२३ मध्यें लोकांसाठीं उघडली. त्यांच्या उदारपणाला जागा मिळाली, आणि सरकारी गॅलरी सरकारकडेच राहिली. शहराला एकाऐवजीं दोन दालनें लाभलीं, तीं विरोध झाला म्हणून.

आतां पुन्हां मुंबईंत येऊं. नोव्हेंबर २०१८ मध्यें राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या मुंबई व बंगळूर येथील शाखांच्या सल्लागार समित्या संपुष्टांत आल्या. कार्यकाळ पुरा झाला होता, नव्या समित्या नेमावयाच्या होत्या, असें सरकारतर्फे सांगण्यांत आलें. त्याच सुमारास अशीही गोष्ट बाहेर आली कीं, पुढें मुंबईच्या इमारतींत घुमटाखालचा वरचा मजला तेवढा बाहेरच्या प्रदर्शनांसाठीं राहील, आणि बाकीच्या मजल्यांवर संग्रहालयाचा स्वतःचा संग्रह लागेल. सुधीर पटवर्धन आणि मेहली गोभाई यांचीं सिंहावलोकनी प्रदर्शनें जुन्या समितीनें ठरविलेलीं होतीं; त्यांचें काय होणार हें कोणी स्पष्ट सांगेना.

राष्ट्राचा संग्रह लोकांना दिसावा ह्यांत वावगें कांहींच नाहीं. सरकारी कोठारांत पडून असलेलीं चित्रें भिंतीवर आलेलीं कोणाला नको आहेत? पण ह्या एका शहरांत सबंध आयुष्याचें काम मांडतां येईल अशी सार्वजनिक जागा मोजकी. तीही एका मजल्यापुरती उरली, तर सिंहावलोकन हा प्रकारच तेथून उठला असें समजावें. बंगळुरांत इमारत जाणार होती. मुंबईंत इमारत जागच्या जागीं राहून तिचा उपयोग निघून जाणार होता, आणि असा तोटा चटकन नजरेंत भरत नाहीं.

८ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्याच इमारतींत प्रभाकर बरवे यांच्या कामाच्या मोठ्या प्रदर्शनाचें उद्घाटन होतें. बरवे १९९५ सालीं गेले. 'कोरा कॅनव्हास' हें त्यांचें मराठी पुस्तक पुष्कळ श्रोत्यांच्या घरीं असेल. घड्याळ, पान, रिकामी पेटी अशा साध्या वस्तूंना कॅनव्हासवर आणून त्यांच्या भोंवतीं मोकळी जागा सोडण्याची त्यांची एक हातोटी होती. समारंभांत बोलावयास उभे राहिले अमोल पालेकर. लोक त्यांना नट व दिग्दर्शक म्हणून ओळखतात, पण ते मुळांत जे. जे. स्कूलचे चित्रकार. बरव्यांविषयीं बोलतां बोलतां त्यांनीं विचारलें कीं, स्थानिक कलावंतांच्या समितीनें ठरविलेलें हें अखेरचेंच प्रदर्शन तर नव्हे? समित्या कां मोडल्या, मजले कां कमी केले? तोंच व्यासपीठावरून त्यांना थांबविण्यांत आलें, आणि बरव्यांपुरतेंच बोला असें सांगण्यांत आलें. पालेकरांनीं, आपल्या बोलण्यावर असें बंधन घालतां काय, असा प्रतिप्रश्न केला, आणि यवतमाळच्या साहित्यसंमेलनाची आठवण दिली. महिन्यापूर्वींच नयनतारा सहगल यांना तेथें बोलावून मग येऊं नका म्हणून कळविण्यांत आलें होतें. व्यत्यय येतच राहिला, आणि भाषण अर्धवट सोडून ते खालीं बसले.

विषयाला सोडून बोलूं नये हा सभेचा नियम मला मान्य आहे. पण चित्रांच्या प्रदर्शनांत चित्रांच्या जागेविषयीं बोलणें हें विषयांतर कसें, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. बरव्यांनीं जन्मभर मोकळी जागा रंगविली; त्यांच्या स्मरणाच्या सभेंत जागेचा प्रश्न निघावा ह्यापेक्षां अधिक प्रस्तुत काय असावें? एक मात्र झालें. जी गोष्ट तोंवर चित्रकारांच्या वर्तुळांत कुजबुजीनें चालली होती, ती वृत्तपत्रांत गेली, आणि ज्यांनीं त्या इमारतीची पायरी कधीं चढली नव्हती त्यांनाही तेथें काय चालतें याची चौकशी करावीशी वाटली.

पटवर्धनांचें प्रदर्शन त्याच वर्षीं, ३० नोव्हेंबर २०१९ पासून, त्याच इमारतींत भरलें. पुण्याला जन्मलेले व ठाण्याला क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षें काम केलेले हे चित्रकार. लोकलच्या गर्दींतलीं, बांधकामावरचीं, चाळींच्या कडेचीं माणसें त्यांनीं काढलीं, आणि तीं माणसें आतां मजल्यामजल्यांवर लागलेलीं लोकांनीं पाहिलीं. गोभाई सप्टेंबर २०१८ मध्येंच, म्हणजे हा सारा वाद उठण्याच्या आधीं, वारले होते. त्यांचें प्रदर्शन मार्च २०२० मध्यें उघडलें. थोड्याच दिवसांत साथीमुळें देशांतलीं सगळींच सार्वजनिक दालनें बंद झालीं, आणि तीं चित्रें तेथें तशींच राहिलीं.